बातमी चुकली तर कोणाच्या दारात जायचं?

प्रश्न एका तरुणाचा आहे. तालुक्याच्या गावी तो चार वर्षं बातम्यांचं यूट्यूब चॅनेल चालवतो, शिवाय अकरा व्हॉट्सअॅप ग्रुप सांभाळतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'अपघात झाला की वीस मिनिटांत माझ्याकडे व्हिडिओ असतो. पेपरात तीच बातमी दुसऱ्या दिवशी चार ओळींत येते, कधी येतच नाही. तरी तहसील कचेरीत पेपरवाल्याला खुर्ची मिळते आणि मला विचारतात, तुम्ही कुठले? मग पेपर उरलेत कशासाठी, आणि आम्हाला पत्रकार कधी म्हणणार?'

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठे असणार ते तुम्हाला कळेल. मी 1996 साली तालुक्याचा वार्ताहर म्हणून सुरुवात केली. तेव्हा संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे बातम्यांचं पाकीट द्यायचं आणि ते जिल्ह्याच्या स्टँडवरून ऑफिसचा शिपाई उचलायचा. नंतर फॅक्स आला, मग ईमेल. पुढे मी डेस्कवर, म्हणजे ऑफिसात बसून बातम्या तपासायच्या कामावर गेलो आणि जिल्हा आवृत्तीची पानं लावण्यात बाकीची नोकरी गेली. म्हणजे तुम्ही ज्यांच्यावर चिडलाय त्यांतलाच मी. तुमचं निम्मं म्हणणं मला बिनशर्त मान्य आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल बोलू.

तुम्ही एका प्रश्नात दोन गोष्टी घातल्यात, वेग आणि खुर्ची. वेगाचा वाद कधीच संपला. रात्री साडेदहाला शेवटचं पान सोडणारा पेपर वीस मिनिटांतल्या व्हिडिओशी काय शर्यत करणार? आमची डाक आवृत्ती, म्हणजे लांबच्या गावांना जाणारी, तर त्याहून आधी सुटायची. रात्री नवाला झालेला अपघात लांबच्या तालुक्याला तिसऱ्या दिवशी वाचायला मिळे. लोक ते चालवून घेत, कारण दुसरं काही नव्हतं.

खुर्चीचं म्हणाल तर कायद्यात पत्रकाराला वेगळी खुर्ची नाहीच. घटनेच्या कलम 19(1)(अ) मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य जे तुम्हाला तेच संपादकाला, कणभर जास्त नाही. सरकारची अधिस्वीकृती पत्रिका असते, ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते आणि तिच्यावर काही सवलती, काही ठिकाणी प्रवेश मिळतो. पण ती नसलेला पत्रकार नाही असं कुठे लिहिलेलं नाही. गाडीवर लाल अक्षरात 'प्रेस' लिहून तर काहीच मिळत नाही, टोलनाक्यावर वाद तेवढा होतो.

आणि 'नागरिक पत्रकार' हा प्रकार मराठीला नवा नाही. 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर अध्यापनाच्या क्षेत्रातले विद्वान होते, कुठल्या वृत्तपत्राचे नोकर नव्हते. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून 'दीनमित्र' चालवला तो नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. 1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, कारण बहिष्कृतांचं दुःख छापायला बाकीच्या पत्रांत जागा नव्हती. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. आमचं कोणी छापत नाही म्हणून आम्ही छापतो, ही तुमची भावना म्हणजे मराठी पत्रकारितेचं मूळच आहे. तेव्हा 'आम्हाला पत्रकार कधी म्हणणार' हा प्रश्न सोडून द्या.

आता पेपर कुठे हरले ते सांगतो. इंटरनेटने मारलं असं आमची मंडळी सभा-संमेलनांत सांगतात. पूर्ण खरं नाही ते. तालुक्याचं पान आम्ही आधीच पोकळ केलं होतं. तालुका वार्ताहराला पगार नसतो, महिन्याचं मानधन असतं, आणि ते इतकं की त्यात त्याचं पेट्रोलही भागत नाही. त्याची खरी कमाई जाहिरातीवरच्या टक्क्यात. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, पंधरा ऑगस्ट, आमदारांचा वाढदिवस. प्रत्येक वेळी वरून टार्गेट येतं. मी डेस्कवर असताना एका वर्षी आमच्या एका वार्ताहराने पतसंस्थेच्या ठेवीदारांची चांगली बातमी पाठवली. रांगेत उभ्या बायका, पासबुकांचे फोटो, सगळं होतं. तासाभराने त्याचाच फोन आला, 'साहेब, ती जरा थांबवा. चेअरमननं पुरवणीचं अर्धं पान दिलंय.' मी बातमी थांबवली. का थांबवली याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. टार्गेट माझ्याही डोक्यावर होतं, एवढंच.

ती बातमी आज असती तर रांगेतल्याच एखाद्या बाईच्या मुलाने मोबाइलवर काढून संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरवली असती. ही तुमची खरी ताकद. माझ्यासारख्या थांबवणाऱ्याच्या हातातून बातमी सुटली, हे चांगलंच झालं.

मात्र थांबवणारा गेला, त्याच्याबरोबर दुसरंही काही गेलं. त्यासाठी माझी एक चूक सांगतो.

2005 च्या महापुरात सांगली जिल्ह्यात आम्ही चोवीस तास ऑफिसात होतो. रात्री एका गावातून फोन आला, भिंत पडून एक जण गेला. वार्ताहर पुराच्या पलीकडे अडकलेला, त्याला कोणीतरी सांगितलेलं, त्याने मला सांगितलं. मी नाव लिहून घेतलं आणि बातमी सोडली. पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला एक फोन करायला हवा होता. केला नाही. लाइनी लागत नव्हत्या हे खरं, पण मी प्रयत्नही केला नाही हे जास्त खरं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर एक गृहस्थ चिखलाच्या पायांनी ऑफिसात आले, हातात आमचा अंक. गेला होता त्यांचा धाकटा भाऊ, छापलं होतं यांचं नाव. म्हणाले, 'भाऊ गेला तो गेला. माझी लेक सासरी आहे, तिनं हे वाचून दोन दिवस अन्न घेतलं नाही. आता मी जिवंत आहे एवढं तरी छापा.'

आम्ही पाचव्या पानावर खुलासा छापला. चौकट छोटीच होती, त्याचीही मला लाज वाटते. पण त्या माणसाला कुठे यायचं हे ठाऊक होतं, इकडे लक्ष द्या. प्रत्येक पेपराच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरांत एक ओळ असते: हे वृत्तपत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले, संपादक फलाणे. ती ओळ कोणी वाचत नाही. 1867 च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने ती सक्तीची केली, कारण सरकारला धरायला माणूस हवा होता. आता त्या जागी 2023 चा नवा कायदा आहे, 1 मार्च 2024 पासून लागू झालेला. सरकारच्या सोयीसाठी आलेली ती ओळ वाचकाच्या कामाला येते. भांडायला जायचा पत्ता तिथे असतो.

तुमच्या चॅनेलवर तो पत्ता आहे का? मी तुमचं चॅनेल पाहिलेलं नाही, त्यामुळे असेलही. पण मी पाहिलेल्या बहुतेक तालुका चॅनेलांवर एक मोबाइल नंबर असतो आणि त्याच्यापुढे 'जाहिरातीसाठी संपर्क'. तक्रारीसाठी काही नाही. व्हिडिओ चुकला की गुपचूप काढून टाकतात. तोवर तो दुसऱ्या पन्नास ग्रुपांत गेलेला असतो आणि तिथून तो कोणीच काढू शकत नाही.

याचं टोक काय असतं ते धुळे जिल्ह्याने पाहिलंय. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. ती पहिल्यांदा कोणी लिहिली, कोणी पुढे ढकलली, कोणाच्या नावावर टाकायची? त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटना पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पण ही मर्यादा अफवेलाही आणि खऱ्या बातमीलाही सारखीच. दोन्हींतला फरक यंत्राला कुठून कळणार?

पेपर-टीव्हीवाल्यांनी यावरून फार नाक वर करू नये. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबईच्या साध्या लोकांनी फोटो आणि ट्वीट टाकले, त्यांतून जगाला पहिली माहिती मिळाली. कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या त्या मोठमोठ्या वाहिन्यांनी, ज्यांच्याकडे संपादक, डेस्क, सगळं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाबच्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढलेत. डेस्क असणं पुरत नाही, डेस्कवरच्या माणसाने 'नाही' म्हणायला हवं.

ते 'नाही' म्हणजे नक्की काय, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं, म्हणून जरा जवळून दाखवतो. रात्री नऊची वेळ. वार्ताहराची बातमी आली: 'शाळेच्या पोषण आहारातून चाळीस मुलांना विषबाधा.' उपसंपादक फोन लावतो. चाळीस कोणी मोजली? ग्रामीण रुग्णालयात किती दाखल, किती तपासून घरी सोडली? 'विषबाधा' असं डॉक्टर म्हणाले की पालक? मुख्याध्यापकांशी बोललास का? मुलांची नावं का पाठवलीस? दहा मिनिटांत बातमी अशी होते: 'जेवणानंतर मळमळ, एकोणीस मुलं रुग्णालयात, अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवले.' हेडिंग मवाळ झालं म्हणून वार्ताहर चिडतो. पण दुसऱ्या दिवशी एकाही पालकाचा, डॉक्टरचा, मुख्याध्यापकाचा फोन येत नाही. आमच्या धंद्यात फोन न येणं ही शाबासकी.

हे करायला पेपरच लागतो असं नाही. दक्षिण कोरियात 2000 साली ओ यॉन-हो यांनी 'ओमायन्यूज' सुरू केलं, घोषणाच अशी की प्रत्येक नागरिक बातमीदार आहे. गृहिणी, दुकानदार, विद्यार्थी बातम्या लिहीत. पण प्रसिद्ध होण्याआधी त्या पगारी संपादकांच्या हाताखालून जात. आपल्याकडे छत्तीसगडच्या आदिवासी भागात 2010 पासून 'सीजीनेट स्वर' चालू झालं. माणूस फोन करून गोंडीत किंवा हिंदीत आपली तक्रार रेकॉर्ड करायचा, आणि संयोजक ती पडताळून मगच सगळ्यांना ऐकायला खुली करायचे. इंटरनेट नाही, लिहिता येत नाही, तरी अडलं नाही. मधला पडताळणारा माणूस मात्र दोन्हीकडे ठेवलेला होता.

आता तुम्ही काय करावं. तुम्ही एकटे आहात की चार मित्र मिळून, पोटापाण्याचा दुसरा धंदा आहे की घर याच्यावरच चालतं, गावात राजकारण किती टोकाचं आहे, यावर बरंच अवलंबून आहे. सरसकट सल्ला देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं तेवढं सांगतो.

सगळ्यात आधी एक 'नाही म्हणणारा' शोधला असता. निवृत्त शिक्षक, वकिलाकडे बसणारा मित्र, बायको, कोणीही. व्हिडिओ टाकण्याआधी तो त्याने पाहायचा आणि तीन प्रश्न विचारायचे: हे कधीचं आहे, कोणी स्वतः पाहिलंय, आणि ज्याच्याविरुद्ध आहे तो काय म्हणाला. यात वीस मिनिटं जातील. जाऊ द्या. तुमची स्पर्धा उद्या सकाळच्या पेपराशी असेल तर वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. शेजारच्या चॅनेलवाल्याशी असेल, तर ती शर्यत कोणीच जिंकत नाही, रोज नवीन पोरगा मोबाइल घेऊन उभा राहतो.

कायद्याचं थोडं. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सोचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 आहे, आणि आरोपी अल्पवयीन असला तरी त्याचं नाव-फोटो देता येत नाही. चेहरा धूसर केला आणि घराची पाटी दिसली, तरी ओळख उघड झालीच. ही चूक तालुका चॅनेलांवर मी पुन्हा पुन्हा पाहतो. बदनामीचं कलम आता न्याय संहितेचं 356. 'खरं होतं म्हणून टाकलं' एवढा बचाव फौजदारीत पुरत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. सावकाराने मारहाण केली हे लोकहित, सावकाराच्या घरातलं भांडण नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्यांसाठी तक्रार अधिकारी आणि पंधरा दिवसांत निवारण अशी तरतूद आहे. त्यांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्थगिती दिली. कायदेशीर वाद चालत राहील, पण तक्रारीला पंधरा दिवसांत उत्तर द्यायला कोर्टाची वाट कशाला पाहायची?

अपघातांपेक्षा कागदांच्या मागे लागा, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टँपवर होतो, महाराष्ट्रात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. तुमच्या गावातल्या पाणीयोजनेचं मोजमाप पुस्तक मागवा. त्यात किती मीटर पाइप टाकल्याचं लिहिलंय ते वाचा आणि टेप घेऊन शिवारात चाला. हे जिल्ह्याचा पेपर करणार नाही. त्याला तुमच्या गावात माणूस नाही, तुम्ही तिथेच राहता. अपघाताचा व्हिडिओ तुमच्याआधी दहा जण काढतील, मोजमाप पुस्तक कोणी मागवणार नाही.

पैशाचं मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तुम्ही वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चॅनेल चालवत असाल तर तुम्ही आमच्याच तालुका वार्ताहराच्या जागी येऊन बसलात, फक्त हातात चॅनेलचा बूम माइक आहे. निदान एवढं करा: जाहिरात ही जाहिरात म्हणून दाखवा, बातमीच्या आवाजात वाचू नका. आणि बातमी टाकू नये म्हणून जो पाकीट देऊ करतो, त्याचीच बातमी आधी तपासा. संरक्षणाचाही विचार करून ठेवा. महाराष्ट्र विधिमंडळाने 2017 मध्ये पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला खरा, पण राजापुरात शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं गेलं ते त्यानंतर, फेब्रुवारी 2023 मध्ये, रिफायनरीसंबंधी त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी. त्यांच्यामागे निदान छापील पेपर होता. तुमच्यामागे कोण आहे? आजूबाजूच्या तालुक्यांतल्या दोन-चार जणांशी आणि, राग गिळून, एखाद्या पेपरवाल्याशी संबंध ठेवा. मोठ्या माणसाविरुद्धची बातमी एकट्याने टाकण्यापेक्षा एकाच दिवशी तिघांनी टाकलेली बरी.

पेपरवाल्यांनी काय शिकायचं ते एका प्रसंगातून सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पुन्हा महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी चाळीस फुटांवर गेली की इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्या वेळी ती पंचेचाळीस कधीच ओलांडून वर चालली होती. व्हॉट्सअॅपवर धरण फुटल्याच्या अफवेपासून काय काय फिरत होतं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला 8 ऑगस्टला बोट उलटली आणि बळींचा आकडा दर तासाला वेगळा येत होता. अशा गोंधळात नदीकाठचा एक मुलगा दर तासाला मोजपट्टीचा फोटो काढून टाकत होता. फोटोत पाणी, आकडा आणि स्वतःचं मनगटी घड्याळ. खाली एक ओळही नाही. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवसापासून आमचा पूरपातळीचा तक्ता आम्ही त्याच्या फोटोशी ताडून लावत होतो. त्याचं नाव आम्ही एकदाही छापलं नाही, 'आमच्या प्रतिनिधीकडून' असंच गेलं. हा आमचा कद्रूपणा. पेपर टिकायचे असतील तर अशा मुलाला मानधन आणि बायलाइन, म्हणजे बातमीवर त्याचं नाव, देऊन डेस्कशी जोडावं लागेल. आमच्या माणसांना ते अजून कमीपणाचं वाटतं.

तहसील कचेरीतल्या खुर्चीचं राहिलं. चॅनेलच्या पानावर, प्रत्येक व्हिडिओच्या खाली, आपलं पूर्ण नाव, घराचा नको पण बसण्याच्या जागेचा पत्ता आणि 'चूक आढळल्यास इथे या' अशी ओळ टाका. चूक झाली तर व्हिडिओ गुपचूप काढू नका. दुसरा करा, पहिल्याइतकाच मोठा, आणि आमच्यासारखा पाचव्या पानावर ढकलू नका. पहिल्या महिन्यात दोन-तीन माणसं भांडायला येतील. त्यांना चहा पाजा, बसवा, बोलू द्या. त्यांच्यातलाच एखादा पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीचं दप्तर घेऊन येतो, असा माझा अनुभव आहे.